घरातील वीजतारांवरून इंटरनेट : पॉवरलाइन ॲडॉप्टरची उपयुक्तता आणि मर्यादा

गोषवारा : घरातील एका खोलीत आलेली इंटरनेट जोडणी अन्य खोल्यांतील अनेक उपकरणांपर्यंत नेण्यासाठी पॉवरलाइन ॲडॉप्टर हे साधन उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात या साधनाचे कार्यतत्त्व, मांडणी व मर्यादा यांचा विचार केला आहे. या साधनाचे यश उपकरणाच्या वेष्टनावरील आकड्यापेक्षा घरातील वायरिंगवर अधिक अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पॉवरलाइन ॲडॉप्टर, वायरिंग, वाहक लहर, अर्थिंग, राउटर.

१. प्रस्तावना

मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे महाविद्यालयाचे वर्ग अध्यापकांच्या घरात आले. एकाच वेळी एका खोलीत व्याख्यान, दुसऱ्या खोलीत मुलांचा तास आणि तिसऱ्या खोलीत कार्यालयीन काम सुरू झाल्यावर, बैठकीच्या खोलीतील एक राउटर संपूर्ण घराला पुरत नाही हे अनेकांच्या लक्षात आले. टाळेबंदी संपली, परंतु दूरस्थ चर्चासत्रे आणि बैठका अध्यापकीय जीवनाचा भाग होऊन राहिल्या. त्यामुळे हा प्रश्न केवळ सोयीचा नसून कामाच्या गुणवत्तेशी निगडित आहे.

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत असतात. काँक्रीटमधील लोखंडी सळया, जाड दगडी भिंती आणि दोन मजल्यांमधील स्लॅब यांमुळे या लहरी क्षीण होतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर भिंतीपलीकडे आणखी लवकर क्षीण होतात. स्वतंत्र इथरनेट केबल टाकणे हा यावरील सर्वोत्तम उपाय होय. परंतु भाड्याच्या घरात भिंतीला छिद्रे पाडता येत नाहीत आणि सजविलेल्या घरात ती पाडण्याची इच्छा नसते. अशा वेळी प्रत्येक खोलीत आधीच पोहोचलेल्या वीजतारांचा उपयोग करून घेण्याचा विचार पुढे येतो.

२. विकासक्रम

वीजतारेवरून संदेश पाठविण्याची कल्पना नवीन नाही. उच्चदाब पारेषण वाहिन्यांवरून उपकेंद्रांमधील संभाषण व संरक्षक यंत्रणेचे संकेत पाठविण्याची पी.एल.सी.सी. ही पद्धत भारतातील वीज मंडळांनी दीर्घकाळ वापरली आहे. घरगुती वापरासाठी २००० मध्ये होमप्लग ही उद्योगसंघटना स्थापन झाली. तिच्या २००१ च्या पहिल्या मानकाचा कमाल वेग १४ मेगाबिट प्रतिसेकंद, तर २००५ च्या होमप्लग एव्ही मानकाचा २०० मेगाबिट प्रतिसेकंद होता. २०१० मध्ये आय.ई.ई.ई. १९०१ हे मानक संमत झाले आणि २०१२ मध्ये होमप्लग एव्ही-२ पुढे आले.

३. कार्यतत्त्व

आपल्या घरातील वीजप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असते. होमप्लग एव्ही पद्धतीचा ॲडॉप्टर त्याच तारेवर २ ते २८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील वाहक लहरी सोडतो. या दोहोंना वेगळे ठेवण्याचे काम धारित्र व लहान रोहित्र करतात. उदाहरणार्थ, १० नॅनोफॅरडच्या धारित्राचा अवरोध ५० हर्ट्झला सुमारे ३१८ किलोओहम, तर १० मेगाहर्ट्झला केवळ १.६ ओहम भरतो. म्हणजेच विजेच्या प्रवाहाला जे दार जवळजवळ बंद असते, तेच संदेशाला खुले असते.

संदेश एकाच लहरीवर न पाठविता शेकडो उपवाहक लहरींवर विभागला जातो. होमप्लग एव्हीच्या ११५५ उपवाहकांपैकी ९१७ प्रत्यक्ष वापरले जातात. हौशी रेडिओच्या पट्ट्यांत अडथळा येऊ नये म्हणून उर्वरित बंद ठेवलेले असतात. ज्या उपवाहकावर गोंगाट अधिक असेल त्यावर कमी माहिती पाठविली जाते. यामुळे वीजतारेसारख्या प्रतिकूल माध्यमातूनही संदेशवहन शक्य होते.

४. मांडणी

किमान दोन ॲडॉप्टर लागतात. पहिला राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून केबलने राउटरला जोडावा. दुसरा दूरच्या खोलीत लावावा. तेथे संगणक, प्रिंटर व दूरचित्रवाणी संच अशी अनेक उपकरणे असल्यास ॲडॉप्टरला एक लहान नेटवर्क स्विच जोडावा. मोबाइल व टॅब्लेटसाठी वाय-फायची सोय असलेला ॲडॉप्टर निवडावा. तथापि, सर्व ॲडॉप्टर एकच माध्यम वाटून घेतात. त्यांची संख्या वाढली म्हणून एकूण क्षमता वाढत नाही. तसेच मूळ इंटरनेट जोडणीचा वेगही या साधनाने वाढत नाही.

५. मर्यादा

वेष्टनावरील वेग हा तारेवरील सैद्धांतिक कमाल वेग असतो. प्रत्यक्ष उपयोगी वेग त्याच्या निम्म्याहून बराच कमी असू शकतो. काही ॲडॉप्टरवर ५०० वा ६०० हा आकडा छापलेला असला, तरी त्यांचे इथरनेट पोर्ट १०० मेगाबिटचेच असते.

वायरिंगच्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

(अ) स्पाइक गार्ड व यूपीएसमधील गाळणी वाहक लहरींनाच गोंगाट समजून अडविते. म्हणून ॲडॉप्टर थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावावा.

(आ) घरात थ्री-फेज जोडणी असून दोन खोल्या वेगळ्या फेजवर असल्यास संकेत पुष्कळ क्षीण होतो. वेगवेगळ्या एमसीबीवरील परिपथांतही काही घट होते.

(इ) मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मिक्सर तारेवर गोंगाट निर्माण करतात.

(ई) वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरील राउटर चालू राहतो, परंतु इन्व्हर्टरबाहेरील सॉकेटमधला ॲडॉप्टर बंद पडतो. दोन्ही ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या परिपथावर असतील तरच जोडणी टिकण्याची शक्यता राहते.

(उ) एव्ही-२ मानकातील प्रगत ॲडॉप्टर फेज व न्यूट्रल यांच्या जोडीला अर्थिंगची तारही संदेशासाठी वापरतात. अर्थिंगची तार नसल्यास वा अर्थची पिन नसलेला परिवर्तक प्लग वापरल्यास हा लाभ मिळत नाही.

येथे एक विसंगती ध्यानात येते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत वाय-फाय सर्वाधिक अडते आणि म्हणून या साधनाची गरजही तेथेच अधिक असते. परंतु जुनी, अनेकदा जोडलेली व अर्थिंग नसलेली वायरिंगही बहुधा तेथेच आढळते.

६. गोपनीयता

वाहक लहरी वीजमीटरपाशी क्षीण होतात, पण पूर्णपणे थांबतीलच असे नाही. होमप्लग एव्हीमध्ये १२८ बिटांच्या एईएस पद्धतीचे कूटलेखन असते; परंतु कारखान्यातून आलेल्या अनेक ॲडॉप्टरचा प्रारंभिक परवलीचा शब्द ‘होमप्लगएव्ही’ हाच असतो. प्रश्नपत्रिका व गुणयाद्या हाताळणाऱ्या अध्यापकांनी जोडणी करतानाच ॲडॉप्टरवरील बटणाद्वारे स्वतंत्र कळ निश्चित करणे अगत्याचे आहे.

७. निष्कर्ष

पॉवरलाइन ॲडॉप्टर हा केबलचा पर्याय नसून केबल टाकणे शक्य नसेल तेथील तडजोड आहे. खरेदीपूर्वी दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत काय आणि अर्थिंग ठीक आहे काय, हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. उपकरण परत करण्याची मुभा असेल तेथूनच ते घ्यावे. ॲडॉप्टर प्रथम शेजारच्या दोन सॉकेटमध्ये आणि नंतर नियोजित खोल्यांत लावून, दोन संगणकांमध्ये एकच मोठी फाइल पाठविण्यास लागणारा वेळ मोजावा. या दोन वेळांतील फरक हा आपल्या वायरिंगचा परिणाम होय. तो फार मोठा असल्यास अधिक आकड्याचे महाग उपकरण घेण्यापेक्षा तो खर्च वायरिंगच्या दुरुस्तीवर करणे श्रेयस्कर. इंटरनेट पोहोचो वा न पोहोचो, सुस्थितीतील अर्थिंग घरातील माणसांचे रक्षण निश्चितच करते.