यहुद्यांची प्रार्थनादिशा व पवित्र कोश

पुण्याच्या लष्कर भागातील लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे ‘लाल देऊळ’ आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिलेले असते. पुष्कळांना ते चर्च वाटते. वस्तुतः १८६७ साली पूर्ण झालेले ते यहुद्यांचे सिनेगॉग, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेचे व धर्मग्रंथवाचनाचे स्थान आहे. अशा वास्तूत प्रथमच जाणारा आपला माणूस सवयीने मूर्ती शोधू लागतो. मूर्ती नसते, भिंतीशी पडद्याआड एक कपाट असते आणि प्रार्थनेच्या मुख्य भागात सारी मंडळी त्या भिंतीकडे तोंड करून उभी असतात. मग कोणी समजतो की हे कपाटाची पूजा करतात. कोणास वाटते की यांना पश्चिम दिशाच पूज्य आहे. हे दोन्ही समज खरे नाहीत, आणि शेजाऱ्याच्या उपासनेविषयी असे समज बाळगणे आम्हांस बरे वाटत नाही.

यहुदी पश्चिमेकडे पाहत नाही. तो जेरुसलेमकडे पाहतो. तेथे शलमोन राजाने मंदिर बांधले, त्या वेळची त्याची प्रार्थना जुन्या करारात आहे. तिचा आशय असा की, जो स्वर्गातही मावत नाही तो या घरात काय मावणार! तरीही आपले लोक पाडाव होऊन परदेशी गेले आणि या नगराकडे वळून विनवू लागले, तर त्यांचे ऐकावे. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने ते मंदिर जमीनदोस्त केले. बाबिलोनमधील दानिएल आपल्या माडीच्या जेरुसलेमकडील खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना करी, अशी कथा आहे. पुढे दुसरे मंदिर उभे राहिले, तेही इ. स. ७० मध्ये रोमनांनी जाळले.

तालमूद ग्रंथात या दिशेचा नियम पायरीपायरीने सांगितला आहे. परदेशस्थाने त्या भूमीकडे वळावे, त्या भूमीत असणाऱ्याने जेरुसलेमकडे, नगरात असणाऱ्याने मंदिराकडे आणि मंदिरात असणाऱ्याने त्याच्या गाभाऱ्याकडे. वाड्याच्या चारी ओसऱ्यांवरची माणसे चौकातल्या तुळशीकडे पाहतात, तसेच हे. म्हणून पोलंड-फ्रान्सचा यहुदी पूर्वेकडे वळतो. तिकडे घराच्या भिंतीवर ‘मिझराह’, म्हणजे ‘पूर्व’, असे लिहिलेली पाटी लावण्याचा प्रघात होता. मुंबई-पुण्याहून मात्र जेरुसलेम पश्चिमेस, काहीसे वायव्येकडे. दिशा ज्याला कळत नाही, त्याने मनच देवाकडे वळवावे, अशी सवलत आहे. गाढवावर बसलेल्याने प्रार्थनेसाठी उतरावे. उतरणे शक्य नसेल तर तोंड वळवावे. तेही न जमले तर मन वळवावे. कायदा करणारे प्रवासाच्या अडचणी जाणून होते, यात शंका नाही!

सूर्याशी या दिशेचा संबंध जडू नये, याविषयीही ते दक्ष होते. मंदिराचे दार पूर्वेस व गाभारा पश्चिमेस असल्यामुळे आत जाणाऱ्याची पाठ उगवतीकडे येई. उलट मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमणाऱ्यांची यहेज्केल संदेष्ट्याने कडक निंदा केली आहे.

आणि त्या गाभाऱ्यात तरी काय होते? पहिल्या मंदिरात दोन दगडी पाट्या ठेवलेला कराराचा कोश होता. तो नाहीसा झाला. दुसऱ्या मंदिराचा गाभारा रिकामाच होता. इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी आत शिरला, तेव्हा त्याला कोणतीही मूर्ती दिसली नाही, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो.

सिनेगॉगमधील कपाट ही त्या कोशाची आठवण. युरोपीय यहुदी त्यास ‘अरोन हाकोदेश’, पवित्र कोश, म्हणतात. बगदादी व स्पेनकडील परंपरेत ‘हेखाल’, म्हणजे मंदिर. आत तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीच्या रूपात असते. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे. एखादे चुकले तर दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास चालत नाही. कोश उघडताच सारे उभे राहतात. मान असतो तो आतील शब्दांना. कोशासमोर आपल्या नंदादीपासारखा अखंड दिवा असतो.

आरंभी हा कोश म्हणजे हलविता येणारी लाकडी पेटी होती. पुढे तिला भिंतीत जागा मिळाली. सीरियातील दुरा-युरोपस येथे इ. स. २४४-४५ च्या सिनेगॉगमध्ये पश्चिमेच्या भिंतीत तसा कोनाडा आहे. तेथून जेरुसलेम त्याच अंगास पडते. गालीलातील कफर्णहूम येथे मात्र जेरुसलेमच्या बाजूलाच दारे आहेत. तेथे आत शिरलेल्यास प्रार्थनेसाठी पुन्हा मागे वळावे लागे.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ झाले. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. सामुदायिक तोरावाचनास परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे जमले नाहीत तर गुंडाळी बाहेर निघत नाही. आणि कोकणातील गावांत आता दहाजण जमणे अवघड. गेलेल्यांपैकी पुष्कळजण दक्षिणेकडील डिमोना व बीरशेबा येथे स्थायिक झाले. अलिबाग-रेवदंड्यास त्यांचे आजे पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस तोंड करून उभे राहत. डिमोनाहून जेरुसलेम उत्तरेस असल्यामुळे तेथे नातवंडे उत्तरेकडे वळतात.