रुमालाला बांधलेला चाकू

गोल्फपटू बेन होगनच्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात एक चित्र आहे. खेळाडू चेंडूसमोर उभा आहे आणि चेंडूपासून त्याच्या खांद्यांपर्यंत एक भलीमोठी तिरकी काच टेकवलेली आहे. काचेला भोक आहे, त्यातून त्याचं डोकं वर आलंय. क्लब मागे नेताना हात या काचेच्या खालून जायला हवेत. काच फुटली की स्विंग चुकला. चित्रकार अँथनी राव्हिएली. मानवी शरीराची रचना मुलांना समजावणारं सचित्र पुस्तक या माणसाने आधीच केलं होतं. त्यामुळे होगनच्या मनगटातली शीर न् शीर त्याने जाणून काढली आहे. खेळावरच्या पुस्तकांत यापेक्षा सुंदर रेखाटनं मी पाहिलेली नाहीत. या चित्रांच्या नादानेच मी गोल्फची जुनी पुस्तकं जमवू लागलो, आणि पुस्तकं वाढत गेली तसा एक प्रश्न पिच्छा पुरवू लागला: ही वाचून हौशी माणसाचा स्विंग खरंच सुधारतो का?

होगनचा शब्द तर पक्का होता. 1957च्या मार्चमध्ये 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'मध्ये या पुस्तकाची मूळ लेखमाला सुरू झाली. शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंडचं. साधारण अंगकाठीच्या कोणाही माणसाने मन लावून हे धडे गिरवले तर तो पूर्ण फेरी 80 फटक्यांच्या आत खेळेल, अशी हमी त्यात होती. ती देणारा माणूसही तसाच होता. 1949 साली बसची धडक बसून मरता मरता वाचलेला, दुसऱ्याच वर्षी पट्ट्या बांधलेल्या पायांनी मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन जिंकलेला आणि 1953 साली एका मोसमात तीन मोठ्या स्पर्धा मारलेला. गोल्फवाल्यांना हे तोंडपाठ असतं, म्हणून पुढे जातो.

कमी बोललं जातं ते त्याच्या हूकबद्दल. होगन 1930 साली व्यावसायिक झाला आणि त्याला स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिलं विजेतेपद मिळालं ते 1940 साली, पाइनहर्स्टला. मधली दहा वर्षं चेंडू ऐन वेळी डावीकडे वळून त्याचा घात करत राहिला. खिशात पैसे नाहीत म्हणून त्याला दौरा सोडून घरी परतावं लागलं, तेही एकदा नव्हे. त्याने जे जे शोधलं ते या हूकला आवर घालण्यासाठी: डाव्या हाताची पकड कमी वळवलेली, क्लबचं तोंड उघडं ठेवण्याकडे कल. आणि हौशी खेळाडूंचं दुखणं काय? स्लाइस. चेंडू उजवीकडे, तोंड आधीच उघडं. अशा माणसाने होगनची पकड जशीच्या तशी उचलली की आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. होगनला याची कल्पना नव्हती असंही नाही. 1955 साली 'लाइफ' साप्ताहिकात त्याने आपलं मनगटाचं गुपित फोडलं, तेव्हा रविवारी हौसेने खेळणाऱ्याला याचा काडीचा उपयोग नाही आणि कच्च्या खेळाडूचं तर वाटोळंच होईल, हे त्याने स्वतः सांगून टाकलं होतं. दोन वर्षांनी पुस्तकात मात्र हमी सरसकट सगळ्यांना.

तरी त्या पुस्तकाचा निम्मा भाग मला अजून पटतो: पकड आणि उभं राहणं. या गोष्टी चेंडू मारण्याआधीच्या आहेत. आरशासमोर उभं राहून, चित्राशी ताडून बघता येतात. अडचण सुरू होते क्लब हलल्यावर. वरून चेंडूपर्यंत क्लब यायला साधारण पाव सेकंद लागतो आणि चेंडूचा क्लबशी स्पर्श जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. 1968 साली ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी 'सर्च फॉर द परफेक्ट स्विंग'मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी केलेली अशी मोजमापं मांडली. एवढ्या वेळात उजवं कोपर कुठे, डाव्या मनगटाचं हाड कुठे, याचा विचार करून दुरुस्ती करणं माणसाच्या मज्जासंस्थेला झेपणारं नाही.

हे प्रयोगशाळेशिवाय, स्वतःच्या देहावर शिकलेला एक माणूस मला या धांडोळ्यात सापडला. त्याने मला होगनपेक्षाही जास्त झपाटलं. त्याचं नाव अर्नेस्ट जोन्स.

हा इंग्लंडमधल्या चिझलहर्स्ट क्लबचा तरुण प्रशिक्षक. पहिलं महायुद्ध पेटल्यावर रॉयल फ्युझिलिअर्समध्ये भरती होऊन फ्रान्सला गेला. मार्च 1916 मध्ये लूसजवळ बॉम्बच्या तुकड्यांनी त्याचं अंग चाळणी झालं आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं हा तर स्विंगचा पाया मानला जायचा. त्या हिशेबाने जोन्सचा गोल्फ संपला होता. पण चार-एक महिन्यांतच कुबड्या घेऊन तो रॉयल नॉरिचच्या मैदानावर उतरला आणि एका पायावर 83मध्ये खेळून आला. चांगले दोन पाय असलेल्या बहुसंख्य हौशी खेळाडूंना 83 आयुष्यभर दिसत नाहीत.

जोन्स त्यावर थांबला आणि विचार करत बसला. पायाने करायचं काम तर झालंच नव्हतं, मग फटका बसला कसा? त्याने काढलेलं उत्तर असं: मनात क्लबच्या टोकाला काय करायला लावायचं हे स्पष्ट असलं की उरलेलं शरीर, मग ते कितीही मोडकं असो, आपली सोय आपण लावतं. गोफण फिरवणारा राखणदार खांद्याचा विचार करत नाही, त्याला दगडाचा ओढा हातात जाणवत असतो. जोन्सला नेमका तोच ओढा हवा होता. शिकवायला त्याच्याकडे एक खिशातला चाकू असायचा. रुमालाच्या टोकाला तो बांधायचा आणि क्लबच्या जोडीने झुलवायचा. झोका खरा असेल तर रुमाल सतत ताठ राहतो. हाताने हिसका मारला, जोर लावला, की रुमाल ढिला पडतो आणि चाकू मागे राहतो. शिष्याला बोलून काही सांगावंच लागत नाही, रुमाल सांगतो.

त्याला अमेरिकेत नेलं मॅरियन हॉलिन्सने. ती 1921ची महिला अमेरिकन हौशी विजेती होती आणि लाँग आयलंडवर तिने फक्त स्त्रियांसाठी गोल्फ क्लब उभारला होता. तिथे आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका खोलीत जोन्स शिकवत राहिला. चेंडू कुठे जातो हे बघायलाही जागा नाही, अशी ती खोली. त्याची शिष्या व्हर्जिनिया व्हॅन वाय हिने 1932, 1933 आणि 1934 अशी सलग तीन वर्षं महिलांची अमेरिकन हौशी स्पर्धा जिंकली. 1937 आणि 1952 साली त्याची पुस्तकं आली. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली आहे. पानं उलटताना कंटाळा येतो, हे खरं. पण सांगण्यासारखी गोष्टच एक असेल तर प्रामाणिक माणूस दुसरं काय लिहिणार? मला वाटतं, जोन्स मागे पडला तो याच कारणाने. रोज नवा तोडगा विकता येईल असं त्यात काही नव्हतं.

जोन्स 1965 साली गेला. त्याचं म्हणणं प्रयोगाच्या कसोटीला लागलं ते त्याच्यानंतर. 1999 साली संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि तिच्या सहकाऱ्यांनी काही नवशिक्यांना गोल्फचा छोटा फटका शिकवला. एका गटाला सांगितलं, हातांच्या झोक्याकडे लक्ष द्या; दुसऱ्याला सांगितलं, क्लबच्या झोक्याकडे द्या. दुसऱ्या गटाचा नेम सरस ठरला, आणि दुसऱ्या दिवशी काही सूचना न देता मारायला लावलं तेव्हाही सरसच राहिला. त्याआधी 1992 साली रिच मास्टर्सने पटिंगवर, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याच्या हलक्या फटक्यावर, प्रयोग केला होता. काहींना पट कसा मारावा याच्या बारीकसारीक सूचना वाचायला दिल्या. काहींना सूचना तर नाहीतच, उलट मारताना मनाला येतील ती इंग्रजी अक्षरं म्हणत राहायला लावलं, म्हणजे नियम डोक्यात जमूच नयेत. सराव झाला आणि मग पैशांचं व परीक्षकाचं दडपण आणलं. सूचना वाचलेल्यांची प्रगती तिथे अडली, न वाचलेल्यांची चालूच राहिली. हा निष्कर्ष पुस्तकप्रेमी माणसाला झोंबणारा आहे, मलाही झोंबला. पण तो नाकारण्यासारखं मला काही सापडलं नाही. खुद्द होगन फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणारा, होता, इतरांचं बघत शिकला. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, तोही दिल्लीचा कॅडीच.

मग पुस्तकाने करायचं काय? पुस्तकाची खरी अडचण ही की त्याला वाचक दिसत नाही. टेक्सासचे हार्वी पेनिक मास्तर यावर फार कडक होते. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघेही त्यांच्या हाताखाली घडले, पण एकाची शिकवणी चालू असताना दुसऱ्याला ते बघू देत नसत. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला मारक ठरेल, ही भीती. अनेक दशकं त्यांनी लाल वहीत टिपणं ठेवली, ती मुलाशिवाय कोणाला दाखवली नाहीत. पुढे ती 'लिटल रेड बुक' (1992) म्हणून छापायचं ठरलं. प्रकाशक 90,000 डॉलर देणार, हा निरोप मिळाल्यावर आपल्यालाच एवढे पैसे भरायचे आहेत असं वाटून मास्तर काळजीत पडले. एवढे आपण कुठून आणणार, असं त्यांनी कळवलं. असा भला माणूस. पण वही छापली आणि त्यांनी जन्मभर राखलेला पडदा गेला. काइटचं, क्रेनशॉचं आणि कुणा अनोळखी बाईचं औषध आता एकाच वाचकाच्या हाती. पेनिक स्वतः बजावून गेलेत की मी ॲस्पिरिनची एक गोळी सांगितली तर अख्खी बाटली घेऊ नका. बाटली समोर असताना एकच गोळी घेणारे वाचक थोडे.

यातून वाट काढली ती इंग्लंडच्या जॉन जेकब्सने, 1972च्या 'प्रॅक्टिकल गोल्फ'मध्ये. तो सुरुवात शरीरापासून करत नाही, चेंडूच्या उड्डाणापासून करतो. तुमचा चेंडू कुठे निघाला आणि कुठे वळला ते बघा. त्यावरून क्लबचं तोंड आणि मार्ग काय होते ते ओळखा. मग तुमच्यापुरता उपाय वाचा. तपशिलात थोडी दुरुस्ती लागते. चेंडू निघतो तो मुख्यत्वे तोंडाच्या दिशेने, हे रडारच्या मोजणीने आता सर्वमान्य झालंय, आणि जुन्या पुस्तकांनी ते श्रेय बहुधा मार्गाला दिलं होतं. पण वाचकाला स्वतःचं निदान करायला शिकवणारं दुसरं जुनं पुस्तक मला माहीत नाही. स्लाइसने गांजलेल्या कुणी विचारलं तर मी आधी जेकब्स देतो, मग जोन्स. होगन देतो तो पहिल्या दोन धड्यांपुरता, आणि राव्हिएलीच्या चित्रांसाठी.