गवताच्या पातीतली नागअळी

टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या की आपल्याकडचा शेतकरी एका नजरेत सांगतो, नागअळी पडलीय. रुंद पानात अळीला हवं तसं वळता येतं. गवतात तशी मुभा नाही. पातीच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात आणि अळीलाही बहुतेक त्याच दिशेनं पुढे सरकावं लागतं. म्हणून गवतातला बोगदा म्हणजे एक फिकट, सरळ पट्टा. लांबून पाहिला तर पात उन्हानं वाळलीय असंच वाटतं, आणि माणसं शेजारून निघून जातात.

इंग्लंडमध्ये लीड्सच्या आसपास कालव्याकाठी जूनमध्ये कॉक्सफूट आणि यॉर्कशायर फॉग ही गवतं दाट माजलेली असतात. तिथे मी शोधते ती फायटोमायझा नायग्रा, जेमतेम दोन मिलिमीटरची काळपट माशी. आपल्या टोमॅटोवरची नागअळी तिच्याच कुळातली. शोधायची रीत सोपी आहे: फिकट पट्टा दिसला की पात आकाशाकडे धरायची आणि भिंग डोळ्याशी न्यायचं. वाळलेली पात मंद, तपकिरी दिसते. पोखरलेल्या पातीतून मात्र उजेड आरपार येतो, कारण साल शाबूत असते आणि आतला हिरवा गर तेवढा गेलेला असतो. त्या रिकाम्या जागेत विष्ठेचे काळे कण विखुरलेले दिसतात.

नशीब असेल तर बोगद्याच्या ताज्या टोकाला अळी भेटते. पाय नाहीत, डोकं म्हणावं असं काही नाही. पारदर्शक अंगातून तोंडाचे काळे आकडे तेवढे स्पष्ट दिसतात. ती कुशीवर आडवी पडून खाते. विळ्यानं गवत कापत जावं तसे ते आकडे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतात, आणि प्रत्येक फेरीला हिरव्याची कड किंचित मागे हटते. हे पाहताना मला वेळेचं भान राहत नाही. कागदाहूनही पातळ पातीत एक प्राणी जगतो, वाढतो, कात टाकतो, हे कितीही वेळा पाहिलं तरी पुरेसं वाटत नाही.

पातीवर बारीक पांढरे ठिपकेही असतात. मादी पोटाच्या टोकानं भोकं पाडते. काहींत अंडं घालते, बाकीच्यांतून पाझरणारा रस पिते. नराला भोक पाडता येत नाही, तो तिनं पाडलेल्या भोकांवरच भागवतो.

अनेक नागअळ्या पूर्ण वाढल्यावर पान फाडून जमिनीवर उतरतात. ही मात्र बोगद्यातच कोषात जाते. कोषाच्या पुढच्या टोकावरची श्वसनरंध्रांची दोन बारीक शिंगं पातीची साल भेदून बाहेर डोकावतात. बोटाला ती जाणवत नाहीत. भिंगाखाली पात थोडी तिरपी केली की सापडतात. ती दिसली की निदान माशीचा गट तरी पक्का होतो.

जात तेवढ्यानं ठरत नाही. श्टोलबर्गच्या योहान विल्हेल्म मायगन यांनी १८३० मध्ये या माशीला नाव दिलं, पण तिच्यासारख्या इतर माश्याही गवतात असेच पट्टे पाडतात. ग्रॅहॅम ग्रिफिथ्स यांनी १९८० मध्ये एकदल वनस्पतींवरच्या या गटाचा सविस्तर अभ्यास छापला. त्यात नराच्या जननेंद्रियाच्या रचनेला मोठं महत्त्व आहे. म्हणजे माशी हातात यायला हवी, तीही नर.

त्यासाठी कोष असलेली पात काचेच्या नळीत ठेवायची, सोबत टिश्यूचा ओलसर तुकडा. ओल जास्त झाली तर बुरशी येते, कमी पडली तर कोष सुकतो. रोज पाहणं आलंच. बाहेर पडताना माशी कपाळावरची एक पिशवी फुगवते आणि तिच्या दाबानं कोषाचं टोक उघडतं. पंख ताठ होऊन रंग पक्का होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पुढे नराच्या पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली.

पुष्कळदा नळीत माशीऐवजी चकाकत्या हिरव्या अंगाची चिमुकली गांधीलमाशी फिरताना दिसते. तिच्या अळीनं आत माशीची अळी खाऊन टाकलेली असते. तिलाही मी तितक्याच काळजीनं अल्कोहोलमध्ये जपते आणि चिठ्ठीवर गवताचं नाव, जागा, तारीख लिहिते. रिकामा कोष पातीसकट त्याच चिठ्ठीला जोडायचा, कारण ती कुणाला खाऊन मोठी झाली याचा पुरावा तेवढाच.