स्कूटर माझी, विमा नानांचा!

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची संध्याकाळ. संभाजीनगरच्या गुलमंडीत दिवाळीची गर्दी कशी असते, हे जाणत्यांना सांगायला नकोच. सुपारी हनुमानाच्या जवळ स्कूटर लावायला जागा मिळाली, तेव्हा मी स्वतःला मोठा भाग्यवान समजलो. तासाभराने पिशव्या सावरीत आम्ही उभयता परतलो, तर स्कूटर गायब!

पोलिसांत लगेच फिर्याद दिली. सौभाग्यवतींचा चेहरा उतरला होता. "अगं, विमा आहे ना!" मी ऐटीत म्हणालो.

ही स्कूटर दीड महिन्यापूर्वी शेजारच्या नानांकडून घेतलेली. आर.टी.ओ.त नाव बदलून आणले, पेढेही वाटले. पॉलिसी चोरीसकट सगळ्याची होती आणि तिची मुदत अजून सात महिने होती. नानांनी ती माझ्या हाती दिली, मी ती कपाटात ठेवली.

विमा कचेरीतल्या गृहस्थांनी कागद चाळले. "यावर तुमचं नाव कुठे आहे?"

"पण हप्ता भरलेला आहे!"

"नानांनी भरलाय. करार त्यांच्याशी, पण गाडी आता त्यांची नाही, म्हणजे त्यांचं नुकसान नाही. नुकसान तुमचं, पण तुमच्याशी करार नाही."

तेलही गेले, तूपही गेले!

माझ्या वकील मेहुण्याने मग कायदा उलगडून सांगितला. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचे कलम 157. गाडी विकली की विम्याचा एक भाग आपोआप नव्या मालकाकडे जातो. तो म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर त्याची भरपाई करणारा भाग. रस्त्यावरच्या त्रयस्थाला कायद्याने दिलेले ते संरक्षण आहे. आपल्या गाडीची चोरी किंवा मोडतोड हा भाग मात्र मालक आणि कंपनी यांच्यातला खाजगी करार. तो आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली एका मोटारीच्या दाव्यात हेच सांगितले. म्हणूनच गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत नव्या मालकाने कंपनीकडे अर्ज करावा, असे त्याच कलमात म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट. वर्षभर भरपाई न मागणाऱ्याला हप्त्यात सूट मिळते. ती सूट माणसाची, गाडीची नव्हे! पॉलिसी नावावर करून घेताना त्या सुटीचा फरक नव्या मालकाला भरावा लागतो. विकणारा मात्र ती सूट आपल्या पुढच्या गाडीसाठी नेऊ शकतो.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी घ्याल तेव्हा आर.टी.ओ.तून तडक विमा कचेरी गाठा. विक्रीचा कागद, जुनी पॉलिसी, अर्ज आणि थोडकी फी, एवढ्यावर काम भागते. पेढे त्यानंतर वाटा.

यंदा गुलमंडीतली खरेदी आम्ही पायीच केली. सौभाग्यवती वाटेत एवढेच म्हणाल्या, "चपला तरी तुमच्याच नावावर आहेत ना?"