चार ते वीस मिलिअँपिअर

दसऱ्याच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि पेपरात फोटो येतात. फोटोत संचालक मंडळ असतं. पावसाळाभर गेस्ट हाऊसवर मुक्काम ठोकलेला इलेक्ट्रिकल-इन्स्ट्रुमेंटेशनचा फिरता इंजिनिअर तेव्हा बहुधा पुढच्या कारखान्याच्या वाटेवर असतो.

हंगाम संपला की त्याचं काम सुरू. बंद मोटरींच्या वाइंडिंगमध्ये दमट हवा मुरते. 415 व्होल्टच्या मोटरला इन्सुलेशन तपासणारा 500 व्होल्टचा मेगर लावायचा, आकडा कमी आला तर ती सुकवायची. हे सरावाचं काम. डोकं लागतं ते लूपला, म्हणजे ट्रान्समीटरपासून कंट्रोल रूमपर्यंतच्या सर्किटला.

ट्रान्समीटर दाब, तापमान, पातळी मोजतो आणि 4 ते 20 मिलिअँपिअरच्या प्रवाहात कंट्रोल रूमला कळवतो. निम्म्या पातळीला 12. शून्य पातळीला 4 का? कारण वायर तुटली तर प्रवाह 0 होतो, आणि रिकामी टाकी व तुटलेली वायर यांत गल्लत होत नाही. इतकी साधी, इतकी शहाणी युक्ती या धंद्यात दुसरी नसेल.

तरीही खरी परीक्षा बॉयलर ड्रमच्या पातळीची. टर्बाइनने अचानक जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी घटत असताना पातळी वाढल्यासारखी दिसते. नुसत्या पातळीवर विसंबलेला कंट्रोलर नेमका तेव्हाच पाणी तोडतो. म्हणून वाफेचा आणि फीडवॉटरचा प्रवाहही हिशेबात धरावा लागतो. त्यात ट्रान्समीटरच्या रेफरन्स लेगमधलं, म्हणजे तुलनेसाठी भरून ठेवलेल्या नळीतलं, पाणी फिटिंगमधून झिरपलं, तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. सगळे म्हणतात, ट्रान्समीटर बदला. अनुभवी माणूस आधी पाना घेऊन पाइपापाशी जातो. माझ्या मते त्याच्या बिलातले निम्मे पैसे या एका सवयीचे असतात.

कारखान्यांचं एक मात्र चुकतं. हंगामात घाईघाईने बदललेल्या वायरी ड्रॉइंगवर चढतच नाहीत. पावसाळ्यात त्या हुडकून काढणाऱ्या या माणसाच्या डायरीतच त्या राहतात आणि डायरी त्याच्याबरोबर गावोगाव फिरते. चीफ इंजिनिअर साहेबांनी एवढं करावं: त्याचं शेवटचं बिल पास करण्याआधी दुरुस्त केलेली लूप ड्रॉइंग मागून घ्यावीत, आणि ती समजून घ्यायला आपला वायरमन एक दिवस त्याच्याजवळ बसवावा.