राजाच्या नावाची पोथी, बायकांच्या तोंडचं प्रेम



राजेलोकांनी प्रेमावर पुस्तकं लिहिली, ती जगभर सापडतात. फ्रान्समध्ये आंजू प्रांताचा रने नावाचा राजा होता. त्याने 1457 साली एक गोष्ट लिहिली. प्रेमाचा देव झोपलेल्या राजाच्या छातीतून हृदय काढतो आणि ते हृदयच चिलखत घालून, घोड्यावर बसून, आवडत्या स्त्रीच्या शोधात निघतं! या गोष्टीची सुंदर रंगीत चित्रांची हस्तलिखित पोथी आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

आपल्या महाराष्ट्रातही राजाच्या नावाची प्रेमाची पोथी आहे, आणि ती त्याहून हजारावर वर्षांनी जुनी. तिचं नाव ‘गाथासप्तशती’. गाथा म्हणजे दोन ओळींची कविता, सप्तशती म्हणजे सातशे. पैठणला राजधानी असलेल्या सातवाहन घराण्यातला हाल राजा तिचा कर्ता मानतात. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, असं बरेच अभ्यासक म्हणतात. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मराठीच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून या पोथीचं नाव पुढे होतं.

पण रने राजाने स्वतःच्या हृदयाची गोष्ट सांगितली, हालाने दुसऱ्यांची गोळा केली. पोथीच्या सुरुवातीलाच सांगितलंय की एक कोटी गाथांतून या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा कवीचा, तो मोजायला बसू नका. शिवाय पुढे शेकडो वर्षं लोक त्यात भर घालत राहिले. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या पोथ्या जुळवून पाहिल्या, तेव्हा सगळीकडे सारख्या अशा गाथा सव्वाचारशेच्या आसपासच निघाल्या.

आणि दरबारात जमवलेल्या या गाथांत माणसं कोण? शेतकरी, गुराखी, वाटसरू आणि बायका, बायका, बायका. भात पिकून पांढुरकं झालं म्हणून एक मुलगी मान खाली घालून रडते. भात कापलं की लपून भेटायची जागा जाणार ना! मैत्रीण तिला धीर देते की तागाचं शेत अजून उभं आहे. दुसरीकडे पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. पाणी घालणारीकडे जास्त वेळ बघता यावं म्हणून तो बोटं फाकवतो, पाणी गळू देतो. तीही काही कमी नाही, ती धार आणखी बारीक करते. स्वयंपाक करताना काजळीचा हात तोंडाला लागलेली एक गृहिणी आहे. नवरा हसून म्हणतो, आता तुझं तोंड अगदी डाग असलेल्या चंद्रासारखं दिसतंय.

मला स्वतःला मात्र एक गाथा विसरता येत नाही. गरिबाचं घर आहे, बायको गरोदर आहे. नवरा पुन्हा पुन्हा विचारतो, तुला कसले डोहाळे लागलेत? ती दर वेळी एकच सांगते, पाणी. दुसरं काही मागितलं तर तो कुठून आणणार, हे तिला ठाऊक आहे. प्रेमाची कविता म्हणून मी तरी हीच पहिली धरीन. जुन्या पंडितांनी गाथांत गूढ अर्थ शोधायची हौस पुष्कळ केली. इथे काय शोधायचंय?

भाषाही घरचीच. गाथेतली सून सासूला ‘अत्ता’ म्हणते. आपल्याकडे कितीतरी घरांत सासूला आत्या म्हणतात, ती हीच.

आता कवींचं. जुन्या पोथ्यांत आणि टीकांत बऱ्याच गाथांपुढे कवीचं नाव दिलेलं आहे, आणि त्यांत सात-आठ नावं बायकांची आहेत. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा, आणि एक चक्क रोहा! आपल्या रोह्याशी तिचा संबंध जोडायला काही आधार नाही, पण नाव वाचून रोहेकरणींना गंमत वाटेलच. ती कोण, कुठली, काय करायची, काही उरलेलं नाही. उरलं ते नाव आणि दोन ओळी.

त्या सुमाराच्या बायकांची नावं आपल्या जिल्ह्यात दगडावरही आहेत. तळा तालुक्यात, राजपुरीच्या खाडीकाठी कुडा लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी अक्षरांतल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत अयितिलू ब्राह्मणाची बायको भयिला आहे, पदुमणिका नावाची भिक्षुणी आहे. तेही लेख प्राकृतातच. गाथा रचणारीचं नाव टिकायला मात्र कुणीतरी नकलून घेणारा भेटावा लागला. बाकीच्यांची गेली.

जात्यावरच्या ओव्यांचं तेच झालं असतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांनी 1980च्या दशकापासून गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्या गाणारीच्या आणि गावाच्या नावानिशी. तुमच्या गटात कुणाला आजीची ओवी येत असेल तर गटाच्या वहीत उतरवून ठेवा, खाली आजीचं पूर्ण नाव घाला. अमक्याची आई, तमक्याची बायको असं नको.

गाथासप्तशती मराठी अर्थासकट वाचायची असेल तर स. आ. जोगळेकरांचं जाडजूड पुस्तक आहे, 1956 सालचं. पेणला, रोह्याला वाचनालयात विचारून बघा. मोठ्याने वाचताना तेवढं आधी पुढची ओळ बघून घ्या, सगळ्याच गाथा आत्याबाईंसमोर वाचण्यासारख्या नाहीत.