मुलाचे पाय दुमडले, तरी आसनाची घाई नको

मोटारीत मागे तोंड करून बसवायच्या बालआसनात मुलाचे पाय दुमडू लागले, की आसन अपुरे पडले असे पालकांना वाटते. ही खूण फसवी आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड, तर मान नाजूक असते. समोरून धडक बसल्यास या आसनाची पाठ डोके, मान आणि कणा यांना एकत्रित आधार देते. म्हणूनच 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स' या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये आपल्या शिफारशीतून दोन वर्षे वयाचा निकष वगळला. उत्पादकाने ठरवलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा मुलाने ओलांडली, अथवा त्याच्या डोक्याच्या वर आसनाची पाठ एक इंचही उरली नाही, तरच आसन बदलावे. वाढदिवस हा त्याचा मुहूर्त नव्हे.